नंदुरबारच्या समितीपासून इमिग्रेशन खात्याच्या कायदाप्रमुखापर्यंत

भाऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. धुळ्याला सहा वर्षं वकिली झाली, निम्मं काम नंदुरबारच्या जमात प्रमाणपत्र पडताळणी समितीपुढचं आणि उरलेलं औरंगाबाद खंडपीठातल्या रिटचं. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात ‘चीफ कौन्सेल’, म्हणजे कायदा विभागाचा प्रमुख, असं पद असतं हे तुला कळलं. तिथवर जायचं मनात आहे, आणि त्यासाठी एलएलएम (कायद्यातली मास्टर्स पदवी) कुठल्या देशात करावं हे तू विचारतोस. शेवटी लिहिलंस, “ताई, खरं सांगजो.” तर खरं सांगते, थोडं लांबलं तरी वाच.

आधी नागरिकत्वाचं बघू, कारण एलएलएमची जाहिरात करणारा एजंट ते कधीच सांगत नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात वकील म्हणून अगदी खालच्या पायरीवर लागायलाही अमेरिकन नागरिक असावं लागतं. ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, पुरत नाही. आता वाट मोज. एलएलएमचं एक वर्ष, त्यानंतर कामाची परवानगी एक वर्ष, मग एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. वर्षाला 65,000 जागा आणि तिथली मास्टर्स पदवी असलेल्यांसाठी आणखी 20,000. सप्टेंबर 2025 मध्ये देशाबाहेरून होणाऱ्या नव्या एच-1बी अर्जावर 1 लाख डॉलरचा आकार लावला गेला, त्यामुळे कंपन्यांनी आणखी हात आखडता घेतला. लॉटरी लागलीच तरी पुढे ग्रीन कार्डची रांग आहे. नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारतीयांची रांग दशकाहून लांब. ग्रीन कार्डनंतर आणखी पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. म्हणजे तिशीत निघालास तर त्या खात्यातल्या पहिल्या, कनिष्ठ जागेला अर्ज करायलाच पन्नाशी येईल. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर गणित वेगळं, पण तुझ्या पत्रात तसं काही नाही.

आता ते काम काय असतं ते सांगते. माझ्या मते तुझा खरा प्रश्न तोच आहे.

आयएनएस हे इमिग्रेशनचं जुनं खातं 1 मार्च 2003 ला मोडून त्याचे तीन भाग झाले. अर्ज मंजूर-नामंजूर करणारं यूएससीआयएस, देशातली कारवाई आणि देशाबाहेर काढण्याचं काम बघणारं आयसीई, आणि सीमेवरचं सीबीपी. 2002 च्या होमलँड सिक्युरिटी, म्हणजे देशांतर्गत सुरक्षेच्या, कायद्यातच पहिल्या दोघांसाठी मुख्य कायदा सल्लागाराचं पद लिहिलेलं आहे. आयसीईचे वकील इमिग्रेशन न्यायाधीशापुढे सरकारच्या बाजूने रोज उभे राहतात, त्यांची संख्या तेराशेच्या वर आहे. यूएससीआयएसच्या वकिलांचं काम वेगळं. अधिकाऱ्याने अर्जावर काय निर्णय द्यावा यावर कायद्याचं मत देणं, नियमांचे मसुदे करणं, अधिकाऱ्यांना शिकवणं. खात्यावर फेडरल कोर्टात दावा झाला तर तिथे न्याय खात्याचे वकील उभे राहतात. चीफ कौन्सेलच्या माणसांनी मागे बसून फाईल, नोंदी आणि युक्तिवादाची तयारी करून द्यायची. कोर्टात गाजणारा वकील व्हायचं असेल तर ती खुर्ची तुझ्यासाठी नाही.

या पदाची एक बाजू मला फार मोलाची वाटते. चीफ कौन्सेल एजन्सीच्या संचालकाला सल्ला देतो, पण संचालकाच्या हाताखाली नसतो. तो वरच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या जनरल कौन्सेलला, म्हणजे मुख्य वकिलाला, उत्तरदायी असतो. त्यामुळे संचालकाला “हे कायद्यात बसत नाही” असं तोंडावर सांगण्याची जागा त्याला मिळते. ती जागा वापरणारा माणूस असेल तर हजारो फाईलींचं नशीब बदलतं, नसेल तर नुसता शिक्का उरतो. 28 जून 2024 ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने लोपर ब्राइट प्रकरणात 1984 चा शेव्हरॉनचा दाखला रद्द केला. तोवर कायद्यातली संदिग्ध जागा खातं जशी वाचेल, ते वाचन वाजवी असलं तर कोर्ट मानून घ्यायचं. आता कोर्ट स्वतः कायदा वाचतं. त्यामुळे खात्याच्या कायदाप्रमुखाला प्रत्येक नियमामागे कारण उभं करावं लागतं, ‘आम्ही म्हणतो म्हणून’ चालत नाही.

तिथवर कोण पोहोचतं? उर जद्दू यांचं उदाहरण घे. वडील इराकमधून आलेले, आई मेक्सिकोची. त्या आधी संसदेच्या कनिष्ठ सभागृहात इमिग्रेशन उपसमितीच्या कायदा सल्लागार होत्या, मग परराष्ट्र खात्यात, आणि 2014 ते 2017 यूएससीआयएसच्या चीफ कौन्सेल. 2021 मध्ये त्याच एजन्सीच्या संचालक झाल्या. बाहेरून आलेल्या घरातली लेक तिथे बसू शकते, हे खरं. पण त्या तिथेच वाढलेल्या, तिथेच शिकलेल्या. शिवाय अशा पदावरची माणसं सरकार बदललं की बदलतात, हेही लक्षात ठेव.

आता तुझ्याबद्दल. समितीपुढची वकिली तू पत्रात ‘किरकोळ काम’ म्हणून उडवून लावलीस. तसं लिहू नको. 2000 च्या जात पडताळणी कायद्याच्या कलम 8 प्रमाणे दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. अमेरिकेच्या 1952 च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम 291 तेच सांगतं: प्रवेशाचा किंवा व्हिसाचा हक्क मागणाऱ्याने तो सिद्ध करावा. आपल्याकडे दक्षता पथक गावात जाऊन चौकशी करतं आणि 1994 च्या माधुरी पाटील निकालाप्रमाणे विरोधातल्या अहवालाची प्रत अर्जदाराला द्यावी लागते. यूएससीआयएसकडे फसवणूक शोधणारा स्वतंत्र विभाग आहे, आणि अर्जदाराला ठाऊक नसलेली प्रतिकूल माहिती वापरायची असेल तर ती त्याला कळवून उत्तराची संधी द्यावी, असा लेखी नियम आहे. तू आजोबांचा 1950 च्या आधीचा शाळेचा दाखला शोधत शहादा-तळोद्याला हिंडतोस. मी इथे न्यू जर्सीत बसून रावेर-यावलकडच्या अशिलांच्या उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांना आधार म्हणून शाळेचे दाखले आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडते. समितीने कारण न देता फेटाळलेला दावा खंडपीठाकडून समितीकडे फेरविचाराला परत पाठवून घेणं, हे प्रशासकीय कायद्याचं अस्सल काम आहे. बायोडेटात ते पहिल्या ओळीत लिही आणि ‘पुराव्याचा भार’, ‘नैसर्गिक न्याय’, ‘सकारण आदेश’ या शब्दांतच लिही. परदेशातल्या सरकारी वकिलाला ते लगेच कळेल.

म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे. सरकारी बाजूने इमिग्रेशनचा वकील व्हायचं असेल तर कॅनडाला जा.

तिथे वकिलीच्या परवान्याला नागरिकत्व लागत नाही. ती अट तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच अँड्र्यूज प्रकरणात मोडून काढली. केंद्र सरकारच्या जाहिरात देऊन भरायच्या नोकऱ्यांत 2021 पासून पर्मनंट रेसिडेंटला (पीआर, म्हणजे कायमच्या रहिवाशाला) नागरिकाइतकंच प्राधान्य आहे. पीआर झाल्यावर पाच वर्षांत 1,095 दिवस राहिलास की नागरिकत्वाला अर्ज करता येतो. इमिग्रेशनच्या निर्णयांवर फेडरल कोर्टात दाद मागितली जाते तेव्हा सरकारकडून न्याय खात्याचे वकील उभे राहतात, आणि इमिग्रेशन खात्याला सल्ला देणारेही त्याच न्याय खात्याचे. 1985 च्या सिंग निकालाने निर्वासित म्हणून दावा करणाऱ्याला तोंडी सुनावणीचा हक्क दिला. त्यानंतर 1989 मध्ये इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड उभं राहिलं. बोर्डाचा स्वतःचा कायदा विभागही आहे. 2019 चा वाविलोव्ह निकाल शोधून वाच. नागरिकत्वाचंच प्रकरण आहे, आणि सकारण आदेश म्हणजे काय हे त्यात जितकं नीट मांडलंय तितकं क्वचित वाचायला मिळतं.

तुझी भारतीय पदवी तिथे एनसीए ही समिती तपासते. प्रशासकीय, घटनात्मक आणि फौजदारी कायदा, व्यावसायिक आचार आणि कॅनडाच्या कायद्याची ओळख, असे विषय द्यावे लागतात. अनेक जण भारतातूनच अभ्यास सुरू करतात. म्हणून लाखोंचं कर्ज काढून आधी एलएलएम, हा क्रम मला पटत नाही. पीआर देताना गुण मोजतात, त्यांत वयाचे पूर्ण गुण 29 पर्यंतच, पुढे दरवर्षी घटतात, तेव्हा फार रेंगाळू नको. आणि फ्रेंच आजपासून शिक. पीआरला त्याचे जास्तीचे गुण आहेत. शिवाय कॅनडाच्या केंद्र सरकारात प्रमुखाच्या खुर्च्या बहुतेक दोन्ही भाषा येणाऱ्यालाच मिळतात. धुळ्यात बसून ऑनलाइन शिकता येतं.

इंग्लंडची वाटही ध्यानात ठेव. तिथल्या सिव्हिल सर्व्हिसच्या राखीव नसलेल्या जागांना राष्ट्रकुलातले नागरिक, म्हणजे आपण भारतीयही, अर्ज करू शकतो. फक्त तिथे काम करण्याचा हक्क देणारा व्हिसा हातात हवा, आणि अडचण तिथेच येते. सॉलिसिटरच्या परवान्यासाठी 2021 पासून एसक्यूई ही परीक्षा आहे, पहिल्या भागात 360 बहुपर्यायी प्रश्न.

अमेरिकेलाच यायचं ठरवलंस तर खाजगी बाजूने ये. इमिग्रेशन हा केंद्राचा कायदा असल्यामुळे कुठल्याही एका राज्याचा परवाना घेतला की देशभर हे काम करता येतं. मी तेच करते. न्यूअर्कच्या इमिग्रेशन कोर्टात माझ्या समोर एक सरकारी वकीलबाई असायच्या. एकदा मी उशिरा मिळालेला कागद दाखल केला. त्यांनी तो तिथेच वाचला आणि न्यायाधीशांना सांगितलं की सरकारचा विरोध नाही. त्या आधी काही वर्षं अर्जदारांच्या बाजूने लढल्या होत्या. तूही सरकारकडे जाण्याआधी अर्जदाराच्या बाजूची वर्षं काढ. त्या खुर्चीत बसल्यावर तुझ्यासमोर चोपड्याच्या, शिरपूरच्या पोराची फाईलही येऊ शकते. कायद्यात बसत नसेल तर ‘नाही’ म्हणावं लागेल, आणि ओळखीचा माणूस असेल तर ती फाईल दुसऱ्याकडे द्यावी लागेल. हे जमणार का, हे आत्ताच मनाला विचार.

घरच्यांशी बोलायचंय ते नागरिकत्वाबद्दल. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परदेशाचं घेतलं की 1955 च्या कायद्याच्या कलम 9 प्रमाणे आपलं संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं. त्यावर वारसाने आलेली शेती ठेवता येते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. अमेरिकेत संवेदनशील पदासाठी चौकशी होते तेव्हा परदेशातली मालमत्ता आणि नातेवाईक, सगळं लिहून द्यावं लागतं. सातबाऱ्यावर भावांसोबत तुझं नाव असेल तर तेही. लपवलं तर नक्की अडतं. आईला हे शांतपणे समजावून सांग, आणि या कामासाठी जमीन गहाण टाकू नको.

या महिन्यात एवढं कर. जळगावला आपल्या विद्यापीठात ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज दे. ते विद्यापीठातून थेट एनसीएकडे जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलकडून सनद चालू असल्याचं प्रमाणपत्र घे. सनद सोडू नको. आणि समितीपुढे किंवा खंडपीठात तू स्वतः लढलेल्या प्रकरणांतले पाच आदेश निवड, अशिलांची नावं झाकून मला पाठव. त्यावरून बायोडेटाचा पहिला मसुदा आपण दोघं मिळून करू.