जर्मनीची ऑफर घेताना पगाराआधी राज्य बघा

तुम्ही विचारलंय की स्टुटगार्ट आणि बर्लिन अशा दोन ऑफर हातात आहेत, मुलगी तिसरीत आहे, मिसेसना पुढे मास्टर्स करायचंय, आणि जर्मनीत शिक्षण सगळीकडे फुकटच आहे तर मग जिथे पगार जास्त तिथे जावं ना. मी म्हणेन थांबा जरा. आम्ही २०१४ ला स्टुटगार्टजवळ आलो तेव्हा आमची मुलगीपण तिसरीतच होती, आणि आम्हीही अगदी हाच हिशोब केला होता.

इथे शिक्षण केंद्राकडे नाही, राज्यांकडे आहे. १६ राज्यं, प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि निवडणुकीत सरकार बदललं की शाळेचं बरंच काही बदलतं. तुमच्यासाठी सगळ्यात मोठा फरक म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये (स्टुटगार्ट त्यात येतं) चौथीनंतर मुलांची वाटणी होते, कोण गिम्नाझियुमला (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जाणार, कोण रेआलशुलेला (दहावीपर्यंतची शाळा) वगैरे. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. म्हणजे तुमच्या मुलीला नवीन भाषा शिकायला दोन वर्षं जास्त मिळतात, आणि या वयात दोन वर्षं म्हणजे खूप झाली हो.

आमच्या मुलीचं गणित वर्गात सगळ्यात पुढे होतं, पण जर्मन कच्चं, त्यामुळे चौथीत बाईंनी शिफारस गिम्नाझियुमची दिलीच नाही. मी रात्र रात्र रडले आहे त्या कागदावरून. तेव्हा ती शिफारस बंधनकारक नव्हती कारण २०१२ मध्ये ग्रीन आणि एसपीडी या पक्षांच्या सरकारने ती सक्ती काढली होती, आणि त्याच सरकारने गेमाइनशाफ्ट्सशुले नावाच्या शाळा सुरू केल्या जिथे सगळ्या पातळीची मुलं एकत्र शिकतात. विरोधी पक्ष सीडीयूचा याला कडक विरोध होता, त्यांचं म्हणणं असं की हुशार मुलं मागे पडतात आणि कच्च्या मुलांवर उगाच ताण येतो. आम्ही तिला अशाच शाळेत घातलं, दहावीनंतर ती तीन वर्षांच्या बेरुफलिशेस गिम्नाझियुमला (व्यवसायाच्या विषयांशी जोडलेलं गिम्नाझियुम) गेली आणि २०२५ मध्ये आबिटूर (विद्यापीठात जायला लागणारी शाळेची शेवटची परीक्षा) पास झाली. तीच मुलगी, तेच डोकं, फक्त मधे एक दार उघडं राहिलं म्हणून.

ते दार आता पुन्हा अर्धवट लावलंय. पालकांनी एक लाखावर सह्या गोळा केल्या आणि नऊ वर्षांचं गिम्नाझियुम २०२५-२६ पासून परत आलं, हे मला चांगलंच वाटलं, पण त्याच सुधारणेत शिफारसही कडक केली. आता शिक्षकांचं मत आणि कोम्पास ४ नावाची परीक्षा, दोन्ही गिम्नाझियुमच्या विरोधात गेली तर नुसती आईवडिलांची इच्छा पुरत नाही, अजून एक वेगळी टेस्ट द्यावी लागते. पहिल्याच वर्षी गणिताचा पेपर इतका अवघड निघाला की राज्यभर ओरड झाली. बर्लिननेही अलीकडे गिम्नाझियुमचे नियम कडक केलेत, ते पण लक्षात ठेवा.

आता मिसेसच्या मास्टर्सचं. २००५ मध्ये घटना न्यायालयाने फीवरची केंद्राची बंदी रद्द केली, मग सात राज्यांनी सेमिस्टरला ५०० युरोपर्यंत फी लावली, आणि लोकांच्या विरोधामुळे एकेक करत सगळ्यांनी ती काढली, शेवटचं राज्य २०१४ मध्ये. पण २०१७ पासून बाडेन-व्युर्टेम्बर्गने युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो लावले, तेही ग्रीन मंत्र्यांच्या काळात. बायर्न राज्याने (बव्हेरिया) कायदा बदलून विद्यापीठांना परवानगी दिली आणि म्युनिकचं टेक्निकल विद्यापीठ २०२४-२५ पासून अशा विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला कोर्सप्रमाणे २००० ते ६००० युरो घेतं. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत तसं नाही, पण २०२५ च्या बजेटात बर्लिनने तीन अब्जांची कपात केली त्यात विद्यापीठांनाही कात्री लागली. काही प्रकारच्या रेसिडेन्स परमिटवर फी माफ असते, त्यामुळे तिचं परमिट कुठलं असेल ते सांगून विद्यापीठाला आधीच मेल करा.

फी हवी म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की दुकानात काम करणाऱ्या बाईच्या टॅक्समधून डॉक्टरच्या मुलाचं विद्यापीठ का चालवायचं. मला हा मुद्दा अगदीच खोटा वाटत नाही, कारण आमच्या गावात धाकट्याच्या किटाची, म्हणजे बालवाडीची, दर महिन्याला चांगली घसघशीत फी भरली आम्ही आणि विद्यापीठ मात्र इथल्यांना फुकट. बर्लिनमध्ये किटाची फी नाही, जेवणाचे थोडे पैसे देता बस. पण माझं उत्तर फी नाहीये. त्या दुकानातल्या बाईचं पोर दहाव्या वर्षीच वेगळ्या रांगेत उभं केलं जातं, विद्यापीठापर्यंत पोचतच नाही, तर फी लावून त्याला काय मिळणार? पैसा आणि वेळ लहानपणी द्या, वाटणी उशिरा करा.

आणि या सगळ्यात आपल्याला मत नसतं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. हाम्बुर्गमध्ये २०१० साली प्राथमिक शाळा सहा वर्षांची करायचं ठरलं होतं, सीडीयू आणि ग्रीन दोघांचं सरकार, आणि जुलैमध्ये सार्वमतात लोकांनी ते पाडलं. श्रीमंत वस्त्यांत मतदान भरपूर झालं, गरीब वस्त्यांत कमी, आणि ज्या परदेशी कुटुंबांच्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला असता त्यांना मतदानाचा हक्कच नव्हता. नागरिकत्व आता पाच वर्षांनी मागता येतं, पण भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, तो निर्णय सोपा नाही, आमचा अजून झालेला नाही. पालक प्रतिनिधी व्हायला मात्र जर्मन पासपोर्ट लागत नाही, मी दोन वर्षं होते, तोडकंमोडकं जर्मन बोलून का होईना वर्गासाठी भाषेचे जादा तास मागून घेतले.

तुमच्या जागी मी असते तर पगार थोडा कमी असला तरी बर्लिन घेतलं असतं. स्टुटगार्टच घेणार असाल तर शाळेत नाव घालायच्या आधी फोर्बेराइटुंग्सक्लासे (नवीन मुलांचा भाषावर्ग) आहे का आणि जवळ गेमाइनशाफ्ट्सशुले आहे का ते विचारा, आणि मुलीचा जर्मनचा क्लास व्हिसाची वाट न बघता आत्ताच सुरू करा.