अमेरिकन लोक परदेशातून मुलं दत्तक का घेतात? त्यांच्या देशात अनाथ मुलं नाहीत का?

आता फारशी घेतच नाहीत. २००४ साली जवळपास २३ हजार परदेशी मुलं दत्तक म्हणून अमेरिकेत आली, २०२३ साली १,२७५. देशातल्या मुलांचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या फॉस्टर केअरमधून (म्हणजे सरकारने आईवडिलांपासून काढून तात्पुरतं दुसऱ्या घरी ठेवलेल्या मुलांतून) आजही दरवर्षी ५० हजारांच्या आसपास मुलं दत्तक जातात. पण त्यांतली बरीच मोठी असतात, भावंडांसकट असतात किंवा आईवडिलांशी कोर्टात खटला चाललेला असतो. मूलबाळ नसलेल्या जोडप्याला हवं असतं तान्हं बाळ आणि मिटलेलं प्रकरण. स्पष्टच बोलायचं तर, सातासमुद्रापलीकडची आई दारात येऊन उभी राहत नाही.

सुरुवात मात्र मूल हवं म्हणून झाली नव्हती, ती युद्धामुळे झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी, ग्रीस, जपानमधून थोडी मुलं आली. खरा धडाका कोरियन युद्धानंतरचा. ऑरेगनमधले हॅरी आणि बर्था होल्ट हे शेतकरी जोडपं. पदरी सहा मुलं. कोरियातल्या अनाथांवरची फिल्म एका सभेत पाहून त्यांनी आणखी आठ मुलं आणायची ठरवली. कायदा एका कुटुंबाला दोनच आणू देत होता, म्हणून १९५५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांच्यासाठी खास कायदा केला! मग होल्टनी संस्थाच काढली. आईवडिलांनी अमेरिकेतून हलायचंही नाही, कोरियात त्यांच्या वतीने दुसऱ्याने सह्या करायच्या आणि मुलं विमानाने यायची. पालक श्रद्धाळू ख्रिश्चन असले की काम सोपं. ती पहिली मुलं बरीचशी अमेरिकन सैनिक आणि कोरियन बायकांची होती आणि कोरियन सरकारलाही ती नजरेसमोर नकोच होती.

युद्ध संपलं तरी मुलं जातच राहिली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८५ च्या सुमाराला, म्हणजे दक्षिण कोरिया टीव्ही आणि मोटारी निर्यात करत होता तेव्हा, वर्षाला आठ हजारांवर मुलं बाहेर जात होती. ती होती कुमारी मातांची, गिरणी-कारखान्यातल्या गरीब मुलींची. अमेरिकेच्या व्हिसासाठी मूल अनाथ ठरावं लागे, मग आई जिवंत असली तरी त्याच्या नावाने वेगळी कुटुंबनोंद काढायची. आपल्या रेशनकार्डासारखी ती नोंद डोळ्यासमोर आणा: त्यावर एकच नाव, तीन महिन्यांच्या बाळाचं, आणि तेच कुटुंबप्रमुख. मोठेपणी आई शोधायला राजधानी सोलमध्ये गेलेल्या कितीतरी जणांच्या हाती हाच कागद पडला. २०२५ मध्ये कोरियाच्याच सत्यशोधन आयोगाने कागदपत्रांतल्या या खोटेपणाबद्दल सरकारला जबाबदार धरलं.

मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहतो. इथे चेहरा कोरियन आणि आडनाव ओल्सन किंवा जॉन्सन अशी माणसं ऑफिसात, दुकानात सहज भेटतात. पन्नाशीच्या आसपासची ही माणसं याच इतिहासातून आलेली.

इकडे अमेरिकेत १९७० नंतर गोरी तान्ही बाळं मिळेनाशी झाली. गर्भनिरोधक गोळ्या आल्या, १९७३ ला गर्भपात कायदेशीर झाला, अविवाहित माता मूल स्वतःजवळ ठेवू लागल्या. कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या संघटनेने १९७२ मध्ये कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या घरांत द्यायला विरोध केला, १९७८ च्या कायद्याने मूळनिवासी जमातींच्या मुलांना संरक्षण दिलं. मागणी वाढली आणि नजर बाहेर वळली. १९७५ मध्ये व्हिएतनाम युद्धात सायगॉन पडायच्या आधी दोन-अडीच हजार मुलं विमानांनी उचलून आणली. त्यातलं पहिलंच मोठं लष्करी विमान कोसळून ७८ मुलं गेली. आणलेल्यांतल्या काहींचे आईवडील जिवंत होते, त्यावरून पुढे खटलेही झाले. हुकूमशहा चाउशेस्कू पडल्यावर रोमानिया उघडला, मग रशिया.

सगळ्यात मोठा अध्याय चीनचा. एकच मूल धोरणामुळे मुली रस्त्यावर, बाजारात, अनाथाश्रमाच्या दारात सोडल्या जात. १९९२ पासून अमेरिकेत ८० हजारांवर मुलं गेली, त्यात मुलीच जास्त. व्हिसा ग्वांगझू शहरातल्या अमेरिकन वकिलातीत, म्हणून बरीच कुटुंबं जवळच्या व्हाइट स्वान हॉटेलात उतरत आणि तिथल्या लाल सोफ्यावर बाळांना ओळीने बसवून फोटो काढत. अनाथाश्रमाला तीन हजार डॉलर देणगी रोख, तीही कोऱ्या नोटांत. इतका पैसा फिरू लागल्यावर व्हायचं तेच झालं: २००५ मध्ये हुनान प्रांतात अनाथाश्रम बाळं विकत घेत असल्याचं उघड झालं.

आपल्याकडेही हेच घडत होतं. परदेशी जोडपं १८९० च्या पालकत्व कायद्याखाली मुलाचं फक्त पालक व्हायचं, त्याला घेऊन जायचं आणि दत्तकविधान तिकडे करायचं. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये नियम घालून दिले. पुढे कारा ही दत्तकाचं काम पाहणारी सरकारी यंत्रणा आली आणि भारतीय पालकांना आधी संधी मिळू लागली. अमेरिकेत मात्र तोवर गेलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व नव्हतं. ते २००१ पासून मिळू लागलं, तेही तेव्हा अठराच्या आतल्यांनाच. लहानपणी दत्तक गेलेल्या काहींना त्यामुळे मोठेपणी एखाद्या गुन्ह्यावरून हद्दपार केलं गेलं. मुंबईला परत पाठवल्याचंही उदाहरण आहे: भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही.

दारं बंद केली ती बहुतेक मुलं देणाऱ्या देशांनी. ग्वातेमालात वकीलच सगळा व्यवहार करत. २००७ मध्ये चार हजारांवर मुलं अमेरिकेत गेली आणि मग तो मार्गच थांबला. रशियाने २०१३ पासून अमेरिकनांना बंदी घातली, ती अमेरिकेच्या निर्बंधांचा राग काढायला. इथियोपियाने २०१८ मध्ये, चीनने २०२४ मध्ये दार लावलं. परदेशी दत्तकाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय हेग कराराच्या अटींमुळे खर्च आणि वेळही वाढला.

आता जी थोडी मुलं जातात त्यांत भारत आणि कोलंबियाची बरीच असतात. भारतातून जाणारी बहुतेक वयाने मोठी किंवा आजार-अपंगत्व असलेली, म्हणजे भारतातल्या पालकांनी काराच्या यादीत पाहून नाकारलेली.