वाचकांचे प्रश्न : इंजिनातला गाळ आणि नाकारलेली वॉरंटी

प्रश्न : माझी टर्बो पेट्रोल गाडी तीन वर्षे आठ महिन्यांची असून ४७,००० किलोमीटर चालली आहे, वॉरंटी पाच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागताच मी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केले आणि ती ओढून सर्व्हिस सेंटरला नेली. तेथे टॅपेट कव्हर (इंजिनाचे वरचे झाकण) उघडल्यावर आत डांबरासारखा काळा गाळ निघाला. ‘देखभालीत हयगय’ एवढे कारण तोंडी सांगून वॉरंटी नाकारण्यात आली. दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदलायचे असते. माझ्या चार बदलांपैकी तीन त्यांच्याचकडे झाले. तिसरा मात्र बाहेरच्या गॅरेजमध्ये आणि १,४०० किलोमीटर उशिरा झाला. त्याची पावती आहे, पण तीवर ऑइलचा ग्रेड नाही. आता संपूर्ण इंजिन खोलण्यासाठी ते माझी सही मागत आहेत. ती द्यावी का?

उत्तर : आज देऊ नये. इंजिन कोण खोलणार, दोष कंपनीचा ठरल्यास आणि न ठरल्यास खोलण्याचा खर्च कोणावर पडणार, सुटे भाग व जुने ऑइल किती दिवस जपून ठेवणार आणि खोलताना आपल्याला किंवा आपल्या तज्ज्ञाला हजर राहता येईल का, एवढ्या गोष्टी जॉब कार्डवर लेखी आल्यानंतरच सही करावी. एकदा चेंबर (इंजिनाखालचे ऑइल साठवणारे भांडे) काढून धुतला, ऑइल पंपाची जाळी पुसली आणि ऑइल ओतून टाकले की पुरावाच संपतो आणि मग दोन्ही पक्षांच्या हाती केवळ आपापले म्हणणे उरते.

गाळ हा आजार नव्हे, आजाराचे लक्षण आहे, आणि आपल्या वादाचा सारा गाभा या फरकात आहे. ऑइलमध्ये काजळी व इतर घाण बारीक कणांच्या रूपात तरंगत ठेवणारी आणि आम्ल मारणारी रसायने मिसळलेली असतात. उष्णतेने ऑइलचे ऑक्सिडीकरण होत जाते, पिस्टनच्या कडेने निसटलेले वायू, न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ त्यात मिसळत राहतात, आणि ती रसायने संपली की हे सारे एकत्र येऊन धातूवर बसू लागते. मुदत उलटून गेलेले ऑइल हे याचे एक कारण झाले, पण ते एकमेव नाही. क्रँककेसमधले (इंजिनाच्या खालच्या पोकळीतले) वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलमधून) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, झिरपले, इंजेक्टर गळू लागला किंवा इंजिनाच्या एखाद्या भागात ऑइल प्रमाणाबाहेर तापत राहिले, तरी वेळेवर ऑइल बदलणाऱ्याच्या इंजिनातही गाळ धरू शकतो. टर्बोच्या बेअरिंगजवळ ऑइलला सोसावी लागणारी उष्णता तर साध्या इंजिनापेक्षा कितीतरी अधिक असते.

म्हणून ‘गाळ आहे, अर्थात हयगय आहे’ हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. चारपैकी एका खेपेला झालेला १,४०० किलोमीटरचा उशीर ही चूक खरी, पण बाकीचे बदल वेळेवर आणि योग्य ऑइलने झाले असतील, तर एवढ्यानेच इंजिन डांबराने भरावे हे सहसा घडत नाही. शिवाय त्या उशिरानंतरचा चौथा बदल त्यांच्याच हातून झाला आहे. तेव्हा ऑइल कसे निघाले, जॉब कार्डवर काही शेरा आहे का, हे आपण अवश्य विचारावे. आपली दुबळी बाजू आहे ती ग्रेड नसलेली पावती. त्या गॅरेजकडून बिलाची प्रत, वापरलेल्या ऑइलचे नाव, ग्रेड आणि प्रमाण लिहून घ्यावे. मात्र पूर्वीची तारीख घालून नवे बिल करून घेण्याच्या फंदात पडू नये, कारण ते उघडकीस आल्यास आपली खरी कागदपत्रेही संशयास्पद ठरतील.

असे वाद नवे नाहीत. टोयोटाच्या काही ३.० लिटर व्ही-६ आणि २.२ लिटर चार सिलिंडर इंजिनांत गाळ होत असल्याच्या तक्रारी अमेरिकेत वाढल्या, तेव्हा कंपनीने प्रथम मालकांच्या देखभालीकडेच बोट दाखवले होते. पुढे २००२ मध्ये तिने १९९७ ते २००२ या मॉडेल-वर्षांच्या सुमारे ३३ लाख गाड्यांना गाळाने होणाऱ्या नुकसानीपुरते आठ वर्षांचे संरक्षण दिले. फोक्सवॅगन व ऑडीच्या १.८ लिटर टर्बो इंजिनांबाबतही तिथे पुढे तशीच मुदतवाढ झाली. याचा अर्थ प्रत्येक गाळ कंपनीचाच दोष असतो असा नाही. पण एकाच इंजिनाच्या अशा तक्रारी पुष्कळ असतील, तर ती बाब आपल्या अर्जात जरूर मांडावी.

आता क्रमाने करावयाचे सांगतो. नकार लेखी मागावा आणि त्यात वॉरंटीचे कोणते कलम लावले, कोणत्या तपासणीवरून लावले हे नमूद करण्यास सांगावे. चेंबरमधल्या ऑइलचा नमुना दोन स्वच्छ बाटल्यांत, दोन्ही पक्षांच्या सहीनिशी सीलबंद करून घ्यावा. त्यातली एक बाटली स्वतंत्र प्रयोगशाळेकडे पाठवावी. ऑइलचा दाटपणा, ऑक्सिडीकरण, त्यात मिसळलेले पेट्रोल आणि ग्लायकॉल (कूलंटमधला घटक) यांची तपासणी करून घ्यावी. ग्लायकॉल सापडले तर कूलंट झिरपत होते हे उघड होते, आणि मग ऑइल बदलाच्या तारखांवरची चर्चा गौण ठरते. जाळी, फिल्टर आणि कॅमशाफ्टचे छायाचित्र मीटरच्या आकड्यासह घ्यावे. मॅन्युअलमधले ‘कठीण वापर’ हे प्रकरणही आधीच वाचून ठेवावे. रोजचा थोडाथोडाच प्रवास, धूळ किंवा सतत रखडत चालणे असेल तर ऑइल बदलाचे अंतर बरेच कमी दिलेले असते आणि कंपनी नेमके तेच कलम पुढे करते. दिवा लागताच गाडी थांबवल्याचे ओढून नेणाऱ्याच्या पावतीवरून दाखवता येईल, ही आपली जमेची बाजू आहे. दिवा लागूनही गाडी चालवत राहिलेल्याच्या बाजूने मला फारसे बोलता आले नसते.

प्रश्न : मी ऑइल घरीच बदलतो. त्यामुळे वॉरंटी आपोआप जाते का?

उत्तर : आपोआप जात नाही, पण सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याप्रमाणे कंपनीला, ती वस्तू फुकट देत नसेल तर, ठरावीक ब्रँडचीच सक्ती सहसा करता येत नाही; अन्यत्र आपल्या वॉरंटी पुस्तिकेतली अट आणि तिथला कायदा पाहावा. ब्रँड कोणताही असो, मॅन्युअलमधला दाटपणा आणि मानक दोन्ही जुळले पाहिजेत. ऑइल व फिल्टरचे बिल, रिकाम्या डब्याच्या लेबलचे छायाचित्र आणि त्याच दिवशीचा मीटरचा आकडा एकत्र ठेवावा.

प्रश्न : ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसतो. फ्लश (इंजिन आतून धुणारे रसायन) मारून घेऊ का?

उत्तर : आधी कूलंटची पातळी पाहावी. ती कमी होत नसेल आणि गाडी थोड्या अंतराच्याच फेऱ्या करत असेल, तर तो बहुधा साठलेला ओलावा असतो. इंजिन पूर्ण तापेल अशी लांब फेरी केल्यावर तो कमी व्हायला हवा. पातळी घटत असल्यास गाडी चालवणे थांबवून कूलंट यंत्रणेची दाब-तपासणी करून घ्यावी. मुळात गाळ भरलेल्या इंजिनात जोरदार फ्लश घातल्यास सुटलेले थर ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन अडकतात आणि चालत असलेले इंजिनही ऑइलविना राहते. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या लेखी संमतीशिवाय फ्लश घालूच नये.