डांबरगोळीचा वास आणि पांढऱ्या रंगातून उमटणारे डाग

प्रश्न : घरच्या जुन्या सागवानी कपाटाला पांढरा ऑइल पेंट द्यायला घेतला. एका दाराला प्रायमर आणि रंगाचे दोन हात झाले, तरी तांबूस डाग वर आलेच. आतला डांबरगोळ्यांचा वासही जात नाही. सुतार म्हणतो, चपडा लावा. कसा आणि किती लावायचा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सुताराचं ऐका. चपडा म्हणजे पातळ पापुद्र्यांच्या रूपातली लाख, ती स्पिरिटमध्ये भिजवून लावतात. सागाचा आणि जुन्या पॉलिशचा रंग ओल्या पेंटमध्ये उतरतो, म्हणून तिसरा हात मारूनही डाग येतीलच. वाळलेली लाख पाण्यात किंवा टर्पेंटाइनमध्ये विरघळत नाही, ती विरघळते स्पिरिटमध्ये. त्यामुळे खालचा रंग खालीच अडतो.

पण इथेच मेख आहे. जुनं फ्रेंच पॉलिश म्हणजेही लाखच. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून कोपऱ्यात घासून बघा. बोळा लाल झाला, तर आधी चिंध्या बदलत बदलत स्पिरिटनेच पॉलिश उतरवा. नाहीतर चपड्याचा ब्रश तोच लाल रंग सगळीकडे फिरवेल. रंगवलेलं दार खरवडू नका. रंग पक्का वाळला असेल तर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून त्यावरच चपडा लावा.

6 बाय 3 फुटांचं, दीड फूट खोल, चार फळ्यांचं कपाट आतून साधारण 100 चौरस फूट भरतं. दोन हातांसाठी 2 लिटर स्पिरिट आणि 500 ग्रॅम चपडा घ्या. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा. लोखंडी डबा नको, लाख काळवंडते. सकाळी सुती कापडातून गाळा.

त्याआधी आठवडाभर दारं उघडी टाकून कपाट उन्हात ठेवा. डांबरगोळी हवेत उडून जाते, जेवढी जाईल तेवढी जाऊ द्या. उरलेला वास चपडा कोंडतो, पण सगळीकडून लावला तरच. फळ्यांची खालची बाजू, खणांचे तळ, पाठीची फळी यांपैकी एक जरी कोरी राहिली, की वास तिथून येतो. ब्रश एकाच दिशेने, भराभर. मागे वळून डागडुजी नको. तासाभराने 320 नंबरचा हलका हात आणि दुसरा थर. खिडक्या उघड्या, गॅस बंद.

ऑइल प्रायमर चपड्यावर छान बसतो. पाण्याचा रंग मात्र लाखेतल्या मेणावरून सोलतो. तोच द्यायचा असेल तर द्रावण दोन-तीन दिवस न हलवता ठेवा आणि वरचं निवळ तेवढंच वापरा.

प्रश्न : टेबलाला चपडा लावला. काही भाग पांढुरका पडला, तर एक बाजू दोन दिवसांनीही चिकट आहे.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : या दोन वेगळ्या चुका आहेत. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला दमट अंश थरात शिरतो आणि पांढुरकेपणा येतो. कोरड्या दुपारी स्पिरिटने जेमतेम ओली केलेली चिंधी एकदाच हलकी फिरवा, बहुधा जातो. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

चिकटपणा जुन्या द्रावणाचा. भिजवलेला चपडा सहा महिन्यांपलीकडे भरवशाचा नाही. काचेवर थेंब टाका. तासाभराने बोटाला चिकटला तर ओतून द्या. चिकट बाजू वाळायची वाट बघू नका. वर नवा थर तर मुळीच नको. स्पिरिटने पुसून लाकडापर्यंत या आणि ताजा चपडा लावा.