बुडापेस्टला येण्याआधी

तुझा निरोप दोनदा वाचला. नाशिकची नोकरी सोडून फेब्रुवारी 2026 मध्ये बायको आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन हंगेरीत, बुडापेस्टला यायचं जवळपास ठरलंय. पगार, घरभाडं, थंडी यांची माहिती तू काढलीच आहेस. खरा प्रश्न तू शेवटी विचारलास: "ताई, तिथलं सरकार हुकूमशाहीकडे झुकलंय असं सारखं वाचतो. ते रोजच्या जगण्यात जाणवतं का? लोक नुसते सहन करतात की काही करतात? आणि आपण बाहेरून आलेल्यांनी काय करायचं, खाली मान घालून राहायचं?" यावर दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटेना, म्हणून वेळ घेतला. हे 2025 मध्ये लिहितेय.

मी 2013 पासून इथे आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की रोज काहीही जाणवत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. तू येशील, डॅन्यूबच्या काठाने जाणाऱ्या 2 नंबरच्या ट्राममध्ये बसशील, ट्राम वेळेवर असेल, संसदेची इमारत बघून डोळे दिपतील. कॅफेत शेजारच्या टेबलावरची माणसं पंतप्रधानांना मोठ्या आवाजात शिव्या घालत असतील आणि त्यांना कुणी हटकणार नाही. तुला वाटेल, लोक उगाच ओरडतात. मलाही पहिली दोन वर्षं असंच वाटत होतं.

माझे आजोबा कराडचे. आणीबाणीबद्दल बोलायचे तेव्हा त्यांना दिवस आठवायचा: 26 जून 1975, सकाळी रेडिओवर घोषणा. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या, ते आजोबा अभिमानाने सांगत. म्हणजे काय चाललंय हे कळायला एक तारीख होती, आणि बोलायचं ते कशाविरुद्ध हेही स्पष्ट होतं. इथे तसा दिवस कुणालाच दाखवता येत नाही. शेजाऱ्यांना विचारलं, कधी सुरू झालं हे, तर प्रत्येक जण वेगळं वर्ष सांगतो.

थोडक्यात सांगते. 2010 मध्ये ओर्बान व्हिक्टर (इथे आडनाव आधी लावतात) यांच्या फिदेस पक्षाला संसदेत दोनतृतीयांश जागा मिळाल्या आणि ते पंतप्रधान झाले. जागा रीतसर निवडणुकीत मिळाल्या, त्यात शंका नाही. पण दोनतृतीयांश म्हणजे इथे घटना बदलण्याइतकं बळ. वर्षभरात नवी घटना मंजूर झाली, 1 जानेवारी 2012 पासून लागू झाली. संसदेच्या जागा 386 वरून 199 वर आणल्या, मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या. नवे नियम मोठ्या पक्षाला असे धार्जिणे आहेत की 2014 मध्ये साधारण 45 टक्के मतांवरही दोनतृतीयांश जागा हाती आल्या. 2014 च्या उन्हाळ्यात ओर्बाननी एका भाषणात आपण 'उदारमतवादी नसलेलं राज्य' उभं करतो आहोत असं स्वतःच सांगितलं. 2020 मध्ये कोरोनाचं आणि 2022 पासून शेजारच्या युद्धाचं कारण देऊन 'धोक्याची परिस्थिती' जाहीर झाली, आणि 2025 मध्येही सरकार वटहुकमांनी कायदे बाजूला सारू शकत होतं.

वर्तमानपत्रांचं तर डोळ्यांदेखत झालं. ऑक्टोबर 2016 मधल्या एका शनिवारी 'नेपसाबाद्शाग' हे देशातलं मोठं विरोधी दैनिक बंद झालं. मालकाने तोट्याचं कारण दिलं. पत्रकारांना त्या दिवशी कचेरीतही जाता आलं नाही. दोन वर्षांनी, 2018 च्या नोव्हेंबरमध्ये, सरकारच्या जवळच्या मालकांनी आपापली चारशेहून अधिक वर्तमानपत्रं, संकेतस्थळं आणि वाहिन्या एका संस्थेला दान करून टाकल्या. सगळी जिल्हा दैनिकं त्यात गेली. बुडापेस्टमध्ये राहून हे कळत नाही, इथे फोनवर काय हवं ते वाचता येतं. पण खेड्यातल्या सत्तरीच्या माणसाला सकाळी जे मिळतं, ते एकाच घरातून येतं.

आता माझ्या घरातली गोष्ट. 2022 च्या सुरुवातीला शिक्षक संपावर जाणार होते. सरकारने वटहुकूम काढून संपकाळात इतके तास शिकवणं सक्तीचं केलं की संपाला अर्थच उरला नाही. तेव्हा काही शिक्षकांनी सविनय कायदेभंगाचा मार्ग धरला आणि काम थांबवलं. हा शब्द हंगेरियनमध्ये ऐकताना मला आधी गांधीजी आठवले. माझी मुलगी तेव्हा दुसरीत. तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना बडतर्फीची नोटीस आली. आम्ही पालक ऑक्टोबरच्या पावसात शाळेपुढच्या रस्त्यावर हातात हात घालून साखळी करून उभे राहिलो. माझ्या एका हाताला एक आजी होत्या, दुसऱ्या हाताला ट्रामचा ड्रायव्हर, गणवेशातच आलेला. बाई दारातून बाहेर आल्या तेव्हा टाळ्या वाजवायला हात सोडवेनात, म्हणून सगळ्यांनी पाय आपटले. बाईंची नोकरी परत मिळाली नाही. मुलीला तीन महिने गणिताला कुणी नव्हतं. तू लेकीला घेऊन येतोयस म्हणून हे मुद्दाम सांगितलं. इथे वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बालवाडी सक्तीची आहे, बालवाड्या चांगल्या आहेत, पण पुढे शाळेत शिक्षकांची चणचण तुला सोसावी लागेल.

लोक काय करतात, हा तुझा दुसरा प्रश्न. मोर्चे निघतात, खूप मोठे निघतात. काही यशस्वी झाले. ऑक्टोबर 2014 मध्ये इंटरनेटच्या दर गीगाबाइटमागे 150 फोरिंट (हे इथलं चलन) कर लावायचा बेत होता. हजारो लोक रात्री पुलावर फोनचे दिवे उंच धरून उभे राहिले आणि आठवड्याभरात बेत मागे घेतला गेला. 2017 मध्ये काही तरुणांनी ऑलिंपिक बुडापेस्टला नको म्हणून महिनाभर चौकाचौकांत टेबलं मांडली, 2 लाख 66 हजार सह्या जमवल्या, आणि शहराने दावा सोडला. पण त्याच वसंतात सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीला इथे चालणं अशक्य करणाऱ्या नव्या कायद्याविरुद्ध मोठे मोर्चे निघाले, 'स्वतंत्र देश, स्वतंत्र विद्यापीठ' अशा घोषणा मीही ऐकल्या, तरी विद्यापीठाला शेवटी व्हिएन्नाला जावं लागलं. 2020 मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदा चुकीचा ठरवला. तोवर वर्ग तिकडे भरत होते.

म्हणून माझं मत असं झालंय की राग मोर्चात ओतून घरी येणं पुरत नाही. ज्यांनी मोर्च्यानंतर काहीतरी स्वतःचं उभं केलं आणि ते पैसे देऊन, वेळ देऊन चालू ठेवलं, त्यांचंच टिकलं. 'इंडेक्स' हे सर्वांत जास्त वाचलं जाणारं बातम्यांचं संकेतस्थळ होतं. 2020 च्या जुलैत तिथल्या संपादकाला काढलं, तेव्हा सत्तरहून अधिक पत्रकारांनी एकदम राजीनामे दिले आणि वाचकांच्या वर्गणीवर 'टेलेक्स' सुरू केलं. आज ते घराघरांत वाचलं जातं. मीही दर महिन्याला पैसे देते. 2022 च्या निवडणुकीआधी मतमोजणीवर नजर ठेवायला वीसेक हजार स्वयंसेवक हवेत म्हणून मोहीम निघाली. माझी एक सहकारी, राजकारणाचं नाव काढलं की उठून जाणारी, तिने प्रशिक्षण घेतलं आणि अनोळखी गावातल्या मतदान केंद्रावर दिवसभर बसली. त्या निवडणुकीत फिदेस 54 टक्के मतांनी आणि 135 जागांनी पुन्हा जिंकला. ती दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, आता निदान मला माहितीये की माझ्या खोलीतली मतं बरोबर मोजली गेली.

आणि आमच्या मजल्यावरच्या आजी. इथे वयस्क बाईच्या नावानंतर 'नेनी' लावतात, आपण काकू-मावशी म्हणतो तसं. या नेनी निवृत्त ग्रंथपाल आहेत. 'न्योमतॉश ते इश', म्हणजे 'तूही छाप', अशी इथे 2017 पासून चळवळ आहे. दर आठवड्याला ए-फोर कागदावर मावेल एवढं वर्तमानपत्र तयार होतं, लोक ते घरी छापतात आणि खेड्यांतल्या टपालपेट्यांत टाकतात. कम्युनिस्ट काळात चोरून कागद फिरवणारी पिढी अजून आहे, त्यांना हे नवीन नाही. नेनींचा प्रिंटर जुना आहे, कागद अडकतो, त्या आत बोटं घालून काढतात, बोटं काळी होतात. शनिवारी शंभर-दीडशे कागदांच्या घड्या स्वयंपाकघराच्या टेबलावर रचलेल्या असतात, वर लोणच्याची बरणी ठेवलेली, उडू नयेत म्हणून. मागच्या हिवाळ्यात मी त्यांना गाडीने त्यांच्या माहेरच्या गावी नेलं. एका घरापुढे एक माणूस फाटकात उभा होता. त्याने कागद घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाला, इस्पितळाबद्दलचं खरं आहे, माझी बायको सहा महिने थांबली. नेनी गाडीत बसल्यावर म्हणाल्या, आज एक झाला.

आता तुझा तिसरा प्रश्न, आपण काय करायचं. यात मी तुला उगाच धीर देणार नाही. 2015 मध्ये, निर्वासित मोठ्या संख्येने येऊ लागले तेव्हा, इथे रस्तोरस्ती सरकारचे मोठे निळे फलक लागले. मी तेव्हा भाषा शिकत होते, शब्दकोश काढून एक वाचला: 'हंगेरीत येत असशील तर हंगेरियनांचं काम हिरावून घ्यायचं नाही.' बस येईपर्यंत मी त्या फलकाखाली उभी होते. निर्वासितांना ही भाषा येत नाही, मग हे कुणासाठी लिहिलंय, ते हळूहळू कळलं. त्याच उन्हाळ्यात इथल्याच लोकांनी वर्गणी काढून इंग्रजीत उलटे फलक लावले: 'आमच्या पंतप्रधानांबद्दल माफ करा.' दोन्ही फलक एकाच शहरातले. तुला दोन्ही प्रकारची माणसं भेटतील.

कायद्याने काय चालतं ते बघ. सभा-मोर्च्याचा हक्क घटनेने सगळ्यांना दिलाय, नागरिक असण्याची अट नाही. पण निवास परवान्याचं कार्ड कायम जवळ ठेव. पक्षाला देणगी परदेशी माणसाने द्यायची नाही, पक्षाने घ्यायचीही नाही, तिथे चुकू नकोस. पुढे कायम स्थायिकाचा दर्जा मिळाला तर स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, मी दिलंय. नागरिकत्वाला साधारण आठ वर्षं सलग राहावं लागतं आणि परीक्षा हंगेरियनमधून. भाषा पहिल्या दिवसापासून शिक. इंग्रजीत नोकरी होईल, पण शाळेच्या पालकसभेत काय चाललंय ते कळणार नाही, आणि बाकी सगळं तिथूनच सुरू होतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या वर्षापासून तुझ्या हातात आहे. इथे उत्पन्नावर सरसकट 15 टक्के कर आहे. त्या करातला एक टक्का कोणत्या सामाजिक संस्थेला जावा हे करदाता स्वतः सांगू शकतो, तेही 20 मे पर्यंत, ऑनलाइन, संस्थेचा करक्रमांक टाकून. तुझ्या खिशातून एक फोरिंटही जास्त जात नाही. हेलसिंकी समितीसारख्या नागरी हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थांना सरकारी पैसा मिळत नाही, आणि परदेशातून घेतला तर चौकशीचा ससेमिरा लागतो. 2024 मध्ये त्यासाठी 'सार्वभौमत्व संरक्षण कार्यालय' सुरू झालं. माझा एक टक्का दरवर्षी अशाच संस्थेला जातो.

मोर्च्यात जायचं की नाही, हे घरात बोलून ठरवा. 2025 च्या मार्चमध्ये समलिंगी लोकांच्या प्राइड मोर्च्यावर बंदी घालायचा कायदा झाला, जाणाऱ्याला 2 लाख फोरिंटपर्यंत दंड, आणि चेहरे ओळखणारे कॅमेरे वापरायची मुभा. महापौरांनी तो मोर्चा महापालिकेचा कार्यक्रम म्हणून जाहीर केला. आम्ही आदल्या रात्री ठरवलं: मी जाईन, नवरा मुलीजवळ राहील, दोघांवर एकदम बालंट नको. 28 जूनला एर्झेबेत पूल माणसांनी भरला होता, लाखाच्या वर लोक होते. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. पुलाच्या मधोमध माझ्यापुढे एक बाई चाकाच्या खुर्चीतल्या आपल्या आईला ढकलत होती, ते बघून पाय स्थिर झाले. पुढे पोलिसांनी भाग घेणाऱ्यांवर कारवाई करणार नाही असं जाहीर केलं. ते आधी कुणालाच माहीत नव्हतं.

तू लिहिलंस की घरच्या राजकारणाचाही तुला वीट आलाय. फक्त त्यापासून सुटका म्हणून येत असशील तर इथे येऊ नकोस. माझ्या ऑफिसातले निम्मे हंगेरियन सहकारी त्याच कारणाने व्हिएन्नाला गेले, गाडीने अडीच तास. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक पालकसभा, एक मतदान केंद्र रिकामं होतं, हे मी बारा वर्षं बघतेय. काम आवडलंय, शहर आवडेल, चार गोष्टी शिकायच्या आहेत, असं असेल तर जरूर ये. घटनेप्रमाणे पुढची निवडणूक एप्रिल किंवा मे 2026 मध्ये आहे. मॉज्यार पेतेर यांच्या तिसा या नव्या विरोधी पक्षाने 2024 च्या युरोपीय निवडणुकीत जवळजवळ 30 टक्के मतं घेतल्यापासून हवा तापली आहे. म्हणजे तुझा पहिला महिना फलकांच्या गर्दीत जाणार. लेकीला विचित्र चित्रं दिसतील, प्रश्न विचारेल, तयारी ठेव.

आणि सगळ्यात आधी एक काम कर. ऑफरच्या कागदांवर परवान्याचा प्रकार कोणता लिहिलाय ते बघ. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय परवाना) असेल तर बायको-मुलीला आणता येईल. 'पाहुणा कामगार' असं काही लिहिलेलं असेल तर सही करू नकोस: त्यात कुटुंब आणता येत नाही, तीन वर्षांच्या वर राहता येत नाही, आणि 2025 पासून तो परवाना मोजक्याच देशांच्या लोकांना मिळतो. त्या पानाचा फोटो पाठव, मी इथल्या वकिलाला दाखवून रविवारपर्यंत कळवते.