क्युरासाओ बघायचं तर पंधरा वर्षांचं बघ

सप्रेम आशीर्वाद.

पत्र मिळालं. जिल्हा संघटनेत मुलामुलींच्या फुटबॉलचं काम हाती घेतेयस हे वाचून मनापासून आनंद झाला. शेवटी तू विचारलंयस, कॅरिबियन समुद्रातलं दीड लाख वस्तीचं क्युरासाओ फुटबॉलच्या वर्ल्ड कपला पात्र ठरतं, मग आपलं घोडं कुठे पेंड खातं? हा प्रश्न सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. तुला मात्र याच क्षेत्रात काम करायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं काम हे कर. १८ नोव्हेंबर २०२५ची जमैकातल्या किंग्स्टनमधली जमैका-क्युरासाओ पात्रतेची मॅच सलग बघ, हायलाइट्स नकोत. जमैकाला जिंकणं भाग होतं, क्युरासाओला बरोबरी चालणार होती. जमैकाचे तीन फटके गोलखांबांना आणि बारला लागून परत आले. भरपाई वेळेत रेफरींनी जमैकाला पेनल्टी दिली, मग व्हीएआरवर, म्हणजे व्हिडिओवर, बघून ती मागे घेतली. मॅच ०-० सुटली. मुख्य प्रशिक्षक डिक अॅडव्होकाट घरच्या कारणाने नेदरलँड्सला गेले होते आणि संघ सहायक डीन गोरे सांभाळत होते. अवघं ४४४ चौरस किलोमीटरचं बेट, लोकसंख्या आपल्या कोल्हापूर शहराच्या एक तृतीयांशही नाही. याआधी वर्ल्ड कप खेळलेला सगळ्यात छोटा देश २०१८चा आइसलँड, तोही वस्तीने याच्या दुपटीहून मोठा.

त्या रात्री नशिबाने साथ दिली, हे मान्यच करायला हवं. पण गुणतक्ता उघडून बघ. गटात सहा सामने, एकही हार नाही, १२ गुण. जमैकाचे ११. ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर याच जमैकाला त्यांनी २-०ने हरवलं होतं, किंग्स्टनच्या पाच दिवस आधी बर्म्युडाला त्यांच्याच घरी ७-०ने धुतलं होतं. शेवटच्या रात्री बरोबरीवर भागलं ते या आधीच्या कमाईमुळे.

आता मागे जा. १० ऑक्टोबर २०१० रोजी, क्युरासाओ ज्यात होतं तो नेदरलँड्स अँटिलिस नावाचा देश विसर्जित झाला आणि फिफामधली त्याची जागा क्युरासाओकडे आली. २०१५ साली हे लोक वर्ल्ड कपच्या पात्रतेत अगदी पहिल्या फेरीपासून, म्हणजे तळापासून, उतरले. समोर माँटसेराट, जेमतेम पाच हजार वस्तीचं बेट. घरी २-१, बाहेर २-२, कसेबसे पुढे सरकले. क्युबाशी दोन्ही सामने बरोबरीत, बाहेर केलेल्या एका गोलवर तरले, कारण तेव्हा बरोबरी झाली तर बाहेरचा गोल जास्त मोलाचा धरत. पुढे एल साल्वाडोरने दोन्हीकडे १-०ने हरवून घरी पाठवलं. तेव्हा प्रशिक्षक होता पॅट्रिक क्लायव्हर्ट, नेदरलँड्सचा एकेकाळचा नावाजलेला स्ट्रायकर. त्याची आई क्युरासाओची. नेदरलँड्समध्ये वाढलेल्या, पण मुळं बेटावर असलेल्या खेळाडूंना त्याच्या नावाचं मोठं आकर्षण होतं. गोली एलोय रूम त्याच वर्षी संघात आला. दहा वर्षांनी किंग्स्टनला गोलमध्ये तोच उभा होता, हे मॅच बघताना ध्यानात ठेव.

क्लायव्हर्टनंतर त्याचा सहायक रेमको बिसेंटिनी मुख्य प्रशिक्षक झाला. त्याचे वडील मोझेस क्युरासाओत जन्मलेले आणि नेदरलँड्स अँटिलिसकडून खेळलेले. मला या नेमणुकीचं फार मोल वाटतं. नावाजलेला माणूस गेला तरी काम मोडलं नाही, कारण त्याच्या शेजारी बसणाऱ्याला प्रत्येक खेळाडू आणि त्याचं घर ठाऊक होतं. २०१७ साली या संघाने जमैकाला २-१ हरवून कॅरिबियन कप जिंकला. लगेच पुढच्या महिन्यात गोल्ड कपमध्ये, म्हणजे उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या मोठ्या स्पर्धेत, तिन्ही सामने हरला, एक गोलही करता आला नाही. आपल्याकडे अशा वेळी कोचची उचलबांगडी ठरलेली. बिसेंटिनी राहिला. २०१९ला तोच संघ गोल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि अमेरिकेकडून फक्त एका गोलने हरला. २०२१ला कोरोनामुळे गोल्ड कपमधून नाव मागे घ्यावं लागलं, वर्ल्ड कपच्या वाटेवर पनामाने दोन सामने मिळून २-१ने अडवलं. पुढे २०२४मध्ये अॅडव्होकाट आले. हा सगळा काळ तू एका कागदावर वर्षवार उतरवून काढ. त्यातली पडझडीची वर्षं तुला जास्त शिकवतील.

२०१९चा उल्लेख आलाच आहे, तर ५ जून २०१९चा थायलंडमधल्या बुरीरामचा सामनाही शोध. किंग्ज कप, भारत विरुद्ध क्युरासाओ. अर्ध्या तासाच्या आसपासच त्यांचे तीन गोल झाले होते. बोनेव्हासिया, होई आणि लेआंद्रो बाकुना. आपल्याकडून छेत्रीने पेनल्टीवर एक फेडला. पुढे स्पर्धाही त्यांनीच जिंकली. त्या दिवशी आपल्या किती जणांना हे बेट नकाशात दाखवता आलं असतं, मला शंका आहे.

आता मुख्य मुद्दा. लोक म्हणतात, हे सगळे डच पोरं, भाड्याने आणलेले. असं कधी बोलू नकोस. क्युरासाओ नेदरलँड्सच्या राजसत्तेचा भाग आहे, तिथल्या माणसाचा पासपोर्ट डचच असतो. १९८५मध्ये शेल कंपनीने बेटावरची तेल रिफायनरी सोडली, कामं गेली, आणि पुढच्या काळात माणसं मोठ्या संख्येने नेदरलँड्सला गेली. बाकुना बंधू ग्रोनिंगेनला जन्मले, रूम नाइमेखनला. कोकणातला माणूस मुंबईत जन्मला म्हणून गाव त्याला परका मानत नाही. शिवाय फिफाचा नियम नुसत्या पासपोर्टवर भागत नाही. एकच नागरिकत्व अनेक संघांना लागू असेल तर खेळाडूचा स्वतःचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म त्या भूमीवर झालेला असावा लागतो, नाहीतर तिथे काही वर्षं राहिलेलं असावं लागतं. म्हणजे एखाद्याची आजी क्युरासाओची राजधानी विलेमस्टाडची, हे ऐकीव असून उपयोग नाही. कागद हवा. तो शोधायचा, खेळाडूशी बोलायचं, त्याच्या आईशी बोलायचं, क्लबकडून त्याला सोडवून घ्यायचं, अटलांटिकपलीकडचं तिकीट काढायचं. हे एकेका खेळाडूचं काम, आणि असे संघभर खेळाडू.

म्हणूनच 'आपणही परदेशातले भारतीय आणू' हे ऐकलंस की थांबून विचार कर. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भागत नाही. पुणे एफसीकडून खेळलेल्या अराता इझुमीने त्यासाठी जपानचं नागरिकत्व सोडलं, तेव्हा २०१३मध्ये त्याला भारताचा शर्ट मिळाला. क्युरासाओच्या मुलांना काहीही सोडावं लागलं नाही. इतका मोठा फरक असताना त्यांची वाट जशीच्या तशी आपली होणार नाही.

आणि तिथलीही एक उणीव डोळ्यांआड करू नकोस. मँचेस्टर युनायटेडपर्यंत गेलेला ताहिथ चोंग विलेमस्टाडचा, पण बेटावर जन्मलेला असा खेळाडू या संघात अपवादाने सापडतो. तिथल्या पोरांचं वेड बेसबॉल. अँड्रू जोन्स, केन्ली जॅन्सेन तिथलेच. २००४मध्ये विलेमस्टाडच्या मुलांनी लिटल लीगची जागतिक स्पर्धा जिंकली, ती पोरं तिथल्याच मैदानांवर घडलेली. फुटबॉलचा जुना वारसाही आहेच, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेलेला गोली एर्गिलिओ हाटो याच्या नावाने स्टेडियम आहे. वर्ल्ड कपच्या पात्रतेनंतर त्या बेटावर दहा वर्षांच्या मुलांसाठी किती मैदानं तयार होतात, किती कोच पगारावर लागतात, यावर मी लक्ष ठेवून असेन. तूही ठेव.

तुझ्या खुर्चीवरून तुला करता येण्यासारखं सांगतो. आपल्याकडे पेठेपेठेत फुटबॉल आहे, शाहू स्टेडियम भरतं, अनिकेत जाधवसारखा पोरगा इथून १७ वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला. पण जन्मदाखले स्पर्धेच्या आदल्या रात्री शोधले जातात, आणि चौदाव्या वर्षी चमकलेला मुलगा सतराव्या वर्षी कुठे आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. तू नोंदवही घाल. प्रत्येक मुलाचं नाव, जन्मदाखल्याची प्रत, कोणत्या कोचकडे शिकला, किती मॅच खेळला, दुखापत कधी झाली, दहावीनंतर कुठे गेला. मुलींची नोंद वेगळ्या पानावर मागे ढकलू नकोस, त्याच वहीत घे. एखादं मूल दोन आठवडे आलं नाही तर घरी फोन कर. आणि तुझ्या हाताखाली एकाला हे सगळं पहिल्या दिवसापासून शिकव, तू उद्या दुसरीकडे गेलीस तरी वही बंद पडता कामा नये.

संघटनेतले जुने लोक विचारतील, याने ट्रॉफी येते का. वाद घालू नकोस, वर्षवार काढलेला तो कागद त्यांच्यासमोर ठेव.

पहिल्या महिन्यात किती नावं चढली ते कळव. दिवाळीनंतर मी तिकडे येतोय, तेव्हा वही घेऊन बसू.

तुझे,
सर