व्यंगचित्रकारांच्या चित्रांवरून थिएटरात दाखवायच्या अ‍ॅनिमेटेड जाहिराती डिस्नेच्या आधी होत्या का?

होत्या की, आणि जोरात होत्या. मिकी माऊस पडद्यावर आला १९२८ ला, त्याच्या बरंच आधी फ्रान्स आणि ऑस्ट्रेलियातले पेपरवाले व्यंगचित्रकार या धंद्यात उतरले होते.

मला विचाराल तर सगळ्यात भारी माणूस ओगालोप. खरं नाव मारियस रोसियों, फ्रान्समधल्या विनोदी अंकांत चित्रं काढायचा. मिशेलिन टायरचा तो गुबगुबीत पांढरा माणूस माहितीये ना, तो १८९८ मध्ये पोस्टरवर यानंच काढला. त्या पोस्टरवर त्याच्या हातात प्याला, प्याल्यात खिळे आणि फुटक्या काचा, आणि वर लॅटिनमध्ये 'आता प्यायची वेळ झाली', म्हणजे आमचा टायर रस्त्यातलं सगळं पिऊन पचवतो. आणि याच माणसानं १९१२ मध्ये दारूच्या विरोधात अ‍ॅनिमेशन फिल्म केली, पुढे क्षयरोगावरही केल्या. माल विकायचा नव्हता, पण जाहिरातीचं सगळं कसब त्यात आहे, म्हणून मी त्यांना यातच धरतो.

काम फार चिकाटीचं होतं. कागदाची पात्रं कापायची, हात पाय डोकं वेगवेगळं, कॅमेरा वरून लावायचा, हात केसभर सरकवायचा की एक फ्रेम, परत सरकवायचा की परत एक. मूकपटाच्या जमान्यात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरा, म्हणजे मिनिटभराच्या जाहिरातीला हजाराच्या आसपास वेळा हेच. इथे व्यंगचित्रकाराची ठळक, मोजकी रेष कामाला यायची, कापायला सोपी आणि लांबच्या खुर्चीवरूनही कळणारी.

पहिल्या महायुद्धानंतर लोर्ताक नावाच्या फ्रेंच चित्रकारानं पॅरिसला लागून मोंरूजमध्ये स्टुडिओच काढला, तिथे थिएटरसाठी जाहिराती व्हायच्या, अ‍ॅनिमेशनचा जुना उस्ताद एमील कोलही त्याच्याबरोबर काम करायचा.

ऑस्ट्रेलियात हॅरी ज्युलियस. सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकात त्याची चित्रं यायची, १९०६ पासून जाहिरात एजन्सीत भागीदार, आणि १९१५ मध्ये दर आठवड्याच्या न्यूजरीलमध्ये, म्हणजे थिएटरात दाखवायच्या बातम्यांच्या फिल्ममध्ये, तो व्यंगचित्रं काढून दाखवायचा, काढणारा हात पडद्यावर दिसायचा. मग त्यानं बिस्किटं वगैरे मालाच्या अ‍ॅनिमेटेड जाहिराती केल्या. लोकांना त्याची रेष आधीच ओळखीची होती, कंपन्या त्या ओळखीचेच पैसे मोजत होत्या असं माझं स्पष्ट मत आहे.

बघायला सुरुवात करायची तर ओगालोपची ती दारूवरची फिल्म शोधा, 'ल सिर्क्वी द लाल्कोल'.